वीतभर साखळी

किल्ली नसेल तर खाट मोड, असं मी जयसिंगला तिसऱ्यांदा सांगत होते, आणि तो तिसऱ्यांदा म्हणत होता, खाट सरकारी हाय मावशी.

"मास्तर बी सरकारीच हायेत आता," मी म्हटलं. "ते मोडाय लागलेत, त्याचं काय?"

जयसिंग पोलीस शिपाई, आमच्याच वाडीचा. दोन दिवस काठी गुडघ्यांत धरून दवाखान्याच्या दारात स्टुलावर बसलेला. दवाखाना कसला, धरणाजवळची पत्र्याची एक खोली, शेणाची जमीन आणि एक लोखंडी खाट. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकी दिवस आया म्हणजे मी, आणि देव.

खाटेवर कोंडाजी मास्तर होते. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा दिल्या म्हणून धरलेले. कोठडीत छाती भरली तेव्हा आमच्याकडं आणून टाकले, डावा हात हातकडीनं खाटेच्या गजाला बांधून. डॉक्टर कागद लिहून गेले होते. मी शाळा पाहिली नाही, पण औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लावत लावत वाचायला शिकले, तेव्हा कागद मी स्वतः वाचला: बेडी काढावी, रोग्यास ताबडतोब पुण्यास हलवावे. तो कागद साहेबांच्या सहीसाठी घेऊन हवालदार परवा तालुक्याला गेला. किल्ली त्याच्याच खिशात गेली.

दुपारचे तीन वाजले असतील. पौषातलं धुकं धरणावरून चढून खोलीत शिरलं होतं. कंदील लावला, पण उजेड काचेबाहेर पडेना. फिनेलचा वास, त्याखाली तापलेल्या अंगाचा आंबूस वास. बाहेर ना पाखरू, ना माणूस. आत छातीची घरघर, आणि दर श्वासाला हात ओढला जाई तेव्हा गजावर साखळीची बारीक किणकिण.

मास्तरांनी डोळे उघडले.

"रत्नाबाई... मला खाली घ्या."

मरणाऱ्याचा जीव खाटेवर जाऊ द्यायचा नाही, हे आमच्याकडं लेकराला ठाऊक. भुईवर घ्यायचं, तोंडात पाणी सोडायचं. खाटेवर गेलेला धड जातही नाही, धड राहतही नाही. मी शेण कालवलं आणि खाटेला लागून माणसाएवढी जमीन सारवली.

खोटं कशाला बोलू, जयसिंगनंही काठी टाकून पाय धरले. पण साखळी वीतभर. मास्तर एका हाताला लोंबकळले. पाठ भुईपासून हातभर वर, आणि मनगटातून रक्त. परत वर ठेवले.

मी जयसिंगला वाट्टेल ते बोलले. तुझी नाळ माझ्या आईनं कापली तेव्हा कुणाच्या सहीसाठी थांबली होती का, असंही विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, दोन लेकरं हायेत मावशी, चारच्या एस्टीनं किल्ली यील.

"खाली घ्या..." मास्तर म्हणाले. मग नुसते ओठ हलले. मग साखळी वाजायची थांबली.

चारची एस्टी आली. जयसिंग सडकेवर गेला. मी खाटेच्या उशाशी उभी होते, जागची हलले नाही. तो आला तो कागद आणि किल्ली घेऊन. कागदावर सही होती: बेडी काढण्यास हरकत नाही.

"काढ मग," मी म्हटलं.

त्यानं मास्तरांकडं पाहिलं आणि किल्ली मुठीत दाबली. आता न्हाई काढता यायची, म्हणाला. आता पंच पायजेत, पंचनामा पायजे.

"जित्ता हुता तवा किल्ली न्हाई. आता किल्ली आली तर पंच न्हाईत. तुमच्यात माणूस सुटतो तरी कवा रं?"

तो कायदा सांगत राहिला, मी शिव्या देत राहिले. शेवटी मास्तरांचे डोळे तरी मिटावेत म्हणून कंदील उचलला, तर उजेड भुईवर पडला.

ओल्या सारवणात माणूस निजल्याचा ठसा होता. डोक्याचा खळगा, दोन खांदे, पाठीचा कणा, टाचा. उजव्या पंजाची पाची बोटं. मास्तर पार पाखराएवढे उरले होते, ठसा मात्र भरल्या अंगाचा. मी मास्तरांच्या पाठीखाली हात घातला. सदरा कोरडा होता, शेणाचा एक ठिपका नाही.

जयसिंग पुढं आला.

"मावशी... तुमी झोपला व्हता काय हितं?"

मी लुगडं पुढं केलं. ते स्वच्छ होतं. तो वाकून ठसा न्याहाळत राहिला. डाव्या खांद्यापुढं सारवण तसंच होतं, माझ्या बोटांच्या ओळींसकट.

"डावा हात... कुटं हाय?"

"मास्तर खाली आलेत, जयसिंग. हात तेवढा तुझ्यापाशी ऱ्हायलाय."