आरशातली हजेरी

चंद्रावर खंडेनवमी कधी येते, हे पृथ्वीवरचं अंतराळ महामंडळ ठरवतं. त्या वर्षी ती सकाळी साडेनऊला आली, कारण तेव्हा अध्यक्ष मोकळे होते.

चांद्रतळावर माणसं तीन: तळप्रमुख दिगंबर मोहरील, डॉक्टर नफीसा तांबोळी आणि संगणक अभियंता वैजयंती ढवळीकर. पूजेसाठी हत्यारं म्हणाल तर एक ड्रिल, दोन पाने आणि नफीसाची कात्री. पाटावर मांडल्यावर ती अगदीच केविलवाणी दिसत होती. थेट प्रक्षेपण साऱ्या देशात जाणार होतं. म्हणून वरून सूचना आली, की तळाच्या मुख्य संगणकातली नवी एसएसडी काढून मधोमध ठेवावी. ती चकाकते.

"चालू यंत्रातून?" वैजयंतीनं विचारलं. "सर, ती काढायची नाही."

"यंत्र बंद न करता काढता येते, असं तुम्हीच सांगितलं होतं ना बाई?" मोहरील म्हणाले. नागपूरकर माणूस, हुकूमही विनंतीच्या सुरात द्यायचा.

"चालत्या गाडीचं दारही उघडता येतं सर."

नफीसा हसली. मोहरील हसले नाहीत. "समजावून सांगा. मी काही अडाणी नाही."

"आपल्याकडे दोन हार्ड डिस्क आहेत. आरसाजोडी. एकीवर जे उमटतं तेच दुसरीवर. एक मेली तरी दुसरी आहे. पण त्या मंद. म्हणून त्यांच्या पुढ्यात ही एसएसडी बसवलीय, आपली शीघ्रस्मृती. आवक-जावकच्या खिडकीवरचा कारकून समजा. आलेला प्रत्येक कागद तो घेतो, 'मिळाला' म्हणून शिक्का मारतो आणि खिशात ठेवतो. दर पंधरा मिनिटांनी आत जाऊन दोन्ही रजिस्टरांत उतरवतो."

"मग कारकून तासभर पूजेला बसला तर?"

"कामकाज थांबत नाही. कागद थेट रजिस्टरांत जातात. पण कारकून परत आला, की त्याला वाटतं आपल्या खिशातलं तेच सगळ्यात ताजं. तो तासाभरापूर्वीचं पान दोन्ही रजिस्टरांवर डकवतो. मधलं सगळं पुसलं जातं."

"दोन्हींत?"

"आरसे आहेत ते, सर. तुमच्या गालाला काजळ लागलं, तर दुसऱ्या आरशात तुम्ही स्वच्छ दिसाल का?"

"म्हणजे आपल्याकडे खरी, वेगळी ठेवलेली प्रत नाहीच?" नफीसानं विचारलं.

"मी दोनदा मागितली. उत्तर आलं, आरसे दिलेत ना, आणखी प्रत कशाला?"

मोहरीलांनी मान डोलावली. "बरं बाप्पा, राहिली. ड्रिलच ठेवू मधे. तेवढी बाहेर जाऊन अँटेना सरळ करता का? चित्र हलतंय म्हणे."

वैजयंतीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्या दिवसात तिची स्वतःची म्हणावी अशी चूक ही एवढीच.

नऊची हजेरी झाली. यंत्र दर तासाला दाराच्या हिशेबावरून लिहितं, आत किती, बाहेर किती. नावं लिहीत नाही, दारातून ये-जा करणाऱ्या नाड्या फक्त मोजतं. नावं लिहिणं म्हणजे खासगी आयुष्यात डोकावणं, असं एका समितीचं मत पडलं होतं. नऊला आत तीन, बाहेर शून्य. नऊ वाजून पाच मिनिटांनी वैजयंती सूट चढवत होती, तेव्हा मोहरीलांनी एसएसडी उपसली आणि पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. नऊ वीसला वैजयंती बाहेर पडली. दहाची हजेरी थेट डिस्कांवर लागली, बाहेर एक; मग पूजा आटोपली आणि एसएसडी जागेवर गेली.

दहा वाजून दहा मिनिटांनी वैजयंती दाराशी आली. तिनं कळ दाबली. दार उघडलं नाही.

पडद्यावर अक्षरं आली: बाहेर कोणीही नाही.

तिनं पुन्हा दाबली. यंत्रानं तितक्याच नम्रपणे तेच सांगितलं. नियम तिला पाठ होता. बाहेर शून्य माणसं असताना बाहेरून दार मागणारा म्हणजे बिघाड, आणि बिघाडाला दार उघडायचं नसतं. नियम शहाण्यांनीच केला होता. त्यांनी फक्त आरशांवर भरवसा ठेवला होता.

"सर," ती रेडिओवर म्हणाली. आवाज इतका शांत होता, की आत नफीसाच्या हातातला प्रसादाचा चमचा थांबला. "काढली होती ना?"

मोहरीलांनी पाटाकडे पाहिलं.

"एका फोटोपुरती," मोहरील म्हणाले.

"माझी हवा साडेअकरापर्यंत आहे."

मोहरील भराभर बोलू लागले. नोंद हातानं बदलू? बदलता येत नाही. किल्ली पृथ्वीवर, समितीकडे. समिती? सुट्टीवर. वीज तोडू? वीज गेली की दार बंदच राहतं. रिकामा सूट बाहेर पाठवू, म्हणजे बाहेर एक होईल?

"त्याला नाडी लागते," वैजयंती म्हणाली. "तुम्हीच ती अट घातली होती, गेल्या वर्षी. सही आहे तुमची."

"मग मी जाते बाहेर," नफीसा म्हणाली. "बाहेर एक झालं, की तू आत ये."

"मी आत आले की बाहेर परत शून्य. तू अडकशील. दाराच्या कोठ्यात एकच माणूस मावतो."

"म्हणजे कोणीतरी एक कायम बाहेर?"

वैजयंती दाराला पाठ लावून उभी राहिली. संताप असा चढला होता, की हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली. ज्या यंत्राची तिनं दोन वर्षं निगा राखली, ते तिला नाही म्हणत होतं. आणि ते खोटं बोलतंय असंही म्हणता येत नव्हतं. त्याला सांगितलं होतं तेच ते सांगत होतं. खोटं बोलणारा आत हात पुसत उभा होता.

मग तिला सुचलं. जे पान चुकून डकवलं गेलं, ते मुद्दामही डकवता येईल.

"नफीसा, तू नाही जायचं. सर येतील. ज्यानं काढली त्यानं यायचं. दहा पन्नासच्या आत बाहेर पडा सर, म्हणजे पुढच्या फेरीत ती नोंद दोन्ही डिस्कांवर जाईल. अकराला हजेरी होईल: बाहेर एक. ते पान एसएसडीच्या खिशात पडलं, की नफीसा, लगेच ती उपसायची. एका मिनिटात. मग मी आत येईन. डिस्कांवर बाहेर शून्य होईल. त्यावर एसएसडी परत बसवायची. ती आपलं अकराचं पान डकवेल, बाहेर एक. मग सर आत."

"आणि ती बसवायची राहिली तर?" मोहरीलांनी विचारलं.

"तर तुम्ही बाहेर."

मोहरीलांनी आठ महिन्यांत सूट घातला नव्हता. दहा पन्नासला ते बाहेर आले, हात लांब धरून, अंधारात पायरी चाचपावी तसे. दोघं समोरासमोर उभी राहिली. अकरा वाजून एक मिनिटाला नफीसाचा आवाज आला, "काढली ताई." वैजयंतीनं कळ दाबली. यंत्रानं एक नाडी मोजली आणि दार उघडलं.

आत येऊन तिनं हेल्मेट उतरवलं. नफीसानं तिच्या तळहातावर एसएसडी ठेवली. तिच्या खाचेत कुंकू अडकलं होतं.

"वैजयंतीबाई?" रेडिओवर मोहरील. "बसवली का?"

तिनं एसएसडी उजेडात धरली.

"बाई, चुकलं माझं. अध्यक्षांना नाही म्हणायचं धाडस झालं नाही. बसवता ना?"

नफीसा तिच्याकडे बघत राहिली. वैजयंतीनं नखानं कुंकू खरवडलं, कण न् कण, आणि मगच एसएसडी जागेवर सरकवली. दार उघडलं. मोहरील आत आले आणि तिथंच जमिनीवर बसले.

तिनं त्याच दिवशी तक्रार पाठवली, सहा पानी, काही लपवलं नाही. मोहरीलांनी खाली सही केली. महिन्यानं महामंडळाचं उत्तर आलं.

दोन्ही हार्ड डिस्कांची तपासणी केली असता त्या अक्षरशः जुळतात, असं त्यात म्हटलं होतं. नऊ ते दहा पन्नास या वेळात तळाबाहेर कोणीही नव्हतं. सबब आपण बाहेर अडकल्याचा दावा ग्राह्य धरता येत नाही. त्या काळात एसएसडी जागेवरच होती. प्रक्षेपणात पाटावर दिसलेली वस्तू शोभेची असावी. अकरा वाजून एक मिनिटाला ती काढायला लावल्याची मात्र आपण लेखी कबुली दिली आहे, त्याबद्दल आपल्याला ताकीद देण्यात येते. सणाच्या दिवशीही स्वतः तळाबाहेर पडून पाहणी केल्याबद्दल श्री. मोहरील यांचा गौरव करण्यात येईल.

वैजयंतीनं ते नफीसाला मोठ्यानं वाचून दाखवलं. मोहरील कोपऱ्यात खाली मान घालून ऐकत होते. शेवटचा परिच्छेद तिनं दोनदा वाचला. एक प्रत वेगळी ठेवण्याची तिची मागणी महामंडळानं अखेर मनावर घेतली होती. पुढच्या यानातून तळासाठी तिसरी हार्ड डिस्क मंजूर झाली होती, पहिल्या दोघींशी क्षणोक्षणी तंतोतंत जुळणारी.