काळुरामचे आगाऊ चेक

भुताखेतांच्या गोष्टी सांगत बसणारी बाई मी नव्हे. दुसऱ्या कुणी ही सांगितली असती तर मीच हसले असते. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, माझ्या नवऱ्यासमोर घडलंय. विश्वास ठेवा, नका ठेवू.

साल अठ्ठ्याण्णव. आषाढ महिना. पेणला एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती.

तेव्हा धंदेवाल्यांकडे स्वतःचा कॉम्प्युटर कुठला? जोहे-हमरापूरच्या गणपती कारखान्यांची बुकिंगं, रोह्याच्या कंत्राटदारांच्या हजेऱ्या, सगळं आमच्या मशीनवर भरलेलं असायचं. लागेल तेव्हा आम्ही छापून द्यायचो. त्याची वर्गणी होती. महिन्याच्या महिन्याला रोख द्या, नाहीतर वर्षभराचे चेक तारखा टाकून आगाऊ द्या. आगाऊ दिले की थोडी सूट. ही सगळी अक्कल आमच्या ह्यांची, म्हणजे प्रवीणची. डोकं तल्लख, पण मुठीतून वारासुद्धा सुटायचा नाही.

जोह्याचा काळुराम आगाऊवाला.

"एकदा सह्या केल्या का मी मोकळा, वैनी. माझा जीव मूर्तीत. पैशाची आठवण कोण ठेवणार?"

कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालायची नाही, म्हणून चपला बाहेर काढायचा नियम होता. लोक कुरकुरायचे. काळुरामला कधी सांगावं लागलं नाही. तो दाराबाहेर थांबायचा, प्लास्टरने पांढरे झालेले हात दोनदा झटकायचा. टप, टप. मग चपला काढून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहायचा. छापून होईपर्यंत एक शब्द नाही.

वैशाखात तो गेला. मूर्तीला हात लावलेला असतानाच छातीत कळ आली म्हणे.

दिवसपाणी झाल्यावर त्याची बायको आली. सगुणा. कारखान्यात गणपती भरलेले, पण मुंबई-पुण्याच्या कुठल्या व्यापाऱ्याने कुठली मूर्ती सांगितलीय, किती उंचीची, कुठल्या रंगाची, हे सगळं आमच्या मशीनमध्ये. ते हातात आल्याशिवाय तिला रंगकाम सुरू करता येईना. तो हंगाम हातचा गेला असता तर कारखाना बंदच पडला असता.

"तेवढी बुकिंगं छापून द्या, भाऊ."

ह्यांनी खुर्चीतून मान वर केली नाही.

"काळुरामच्या नावावर होतं ते. माणूस गेला, नाव बंद. तुमच्या नावाने नवीन घ्यायला लागेल. वर्षाचे चेक आगाऊ."

"माझ्याकडं चेकबुक नाय हो. महिन्याला रोख देते."

"नवीन माणसाला रोख चालत नाय."

ती वळली. पदर सावरला आणि जिना उतरली. मी प्रिंटरच्या कागदाच्या कडा फाडत बसले होते. मान वर करायची मलाही लाज वाटली.

खरी लाज तर पुढेच होती. महिना लागला तसा ह्यांनी ड्रॉवरमधून काळुरामचा चेक काढला आणि बँकेत भरायला निघाले.

"अहो, तो माणूस गेलाय. तुम्हीच म्हणालात, नाव बंद."

"माणूस गेला. चेक थोडाच गेलाय?"

बँकेला काळुराम गेल्याचं कुणी कळवलं नव्हतं. चेक वटला.

वटला त्याच दुपारी हे वसुलीला रोह्याला गेले होते. मी एकटीच होते. पाऊस धो धो कोसळत होता.

आणि दाराबाहेर...

टप, टप.

मी सवयीने म्हटलं, "या." तोंडातून शब्द गेला आणि मग मला आठवलं.

कुणी आत आलं नाही.

मी उठून दारात गेले. उंबऱ्याबाहेर चपलांचा जोड होता. पुरुषी, झिजलेला. जिना पावसाने ओला, कठडा ओला...

चपला कोरड्या होत्या. वर पांढरी भुकटी.

मागे स्टूल करकरलं.

मी वळले नाही. रामरक्षा येते मला, पण त्या वेळी पहिली ओळसुद्धा आठवेना. किती वेळ तशीच उभी राहिले कुणास ठाऊक. खाली पाहिलं तेव्हा चपला नव्हत्या.

हे परत आल्यावर सांगितलं. मनसोक्त हसले. "तुला दुपारची झोप पाहिजे," म्हणाले.

पुढचा महिना लागला. त्यांनी पुढचा चेक भरला.

या वेळी ते घरीच होते, म्हणजे सेंटरमध्ये माझ्या शेजारी. डबा उघडून आम्ही जेवत होतो.

टप, टप.

ह्यांचा घास हातातच राहिला.

"कोण हाय?"

पंखा फिरत होता तो हळूहळू थांबला. लाईट गेली नव्हती, मशीनचा पडदा चालूच होता. आणि कोपऱ्यातलं स्टूल... कुणी टेकल्यावर करकरावं तसं करकरलं.

खोलीत ओल्या प्लास्टरचा वास पसरला.

मी खरकट्या हातानेच मशीनपुढे बसले. जोह्याची बुकिंगं उघडली. ह्यांनी माझं मनगट धरलं. भीतीनं ओठ पांढरे पडले होते, तरी धरलं.

"थांब. पैसे..."

तेव्हा तो बोलला. आवाज मोठा नव्हता. रागही नव्हता त्यात, तेच मला अजून सहन होत नाही.

"पैसे भरलेत, भाऊ. काम द्या."

ह्यांचा हात गळून पडला. मी छापायला दिलं. प्रिंटर किरकिरत राहिला, कागदाची चळत खाली जमत गेली. शेवटचं पान सुटलं तसा पंखा पुन्हा फिरायला लागला. स्टुलावर कुणी नव्हतं. दाराबाहेरही काही नव्हतं.

ह्यांनी ड्रॉवर उघडला. काळुरामचे उरलेले सगळे चेक बाहेर काढले आणि बारीक बारीक तुकडे करून खिडकीतून पावसात टाकले.

"आता नाय येणार," म्हणाले.

तासाभराने आम्ही जोह्याला पोचलो. सगुणा कारखान्यात पाटावर बसली होती. चारी बाजूंना बिनरंगाचे गणपती. तिने कागद हातात घेतले, एकेका व्यापाऱ्याचं नाव हळूहळू वाचलं. चेहरा उजळला.

"आता लागते रंगाला. लय उपकार झाले, भाऊ."

मग आत जाऊन पुडीत बांधलेल्या नोटा घेऊन आली. "महिन्याचं हाय. फुकट नको. त्यांना आवडायचं नाय."

आणि आमच्या ह्यांनी हात पुढे केला.

एवढं सगळं बघून, ऐकून... हात पुढे केला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तो हात खाली दाबला.

"घेऊ नका. तिच्या नवऱ्याने भरलेत."

मग मी तिला सगळं सांगितलं. चेक, चपला, स्टूल, सगळं. ती ओरडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर हलकं तरी वाटलं असतं. ती नोटा मुठीत धरून ऐकत राहिली.

"काय बोलले?"

"पैसे भरलेत. काम द्या."

"व्हय. असंच बोलायचे."

तिने नोटा पुन्हा पुडीत बांधल्या.

"इथं एकदा पण नाय आले, वैनी. मी दार लावत नाय, तरी नाय आले." मग जवळ सरकून, एखादी उसनवारी मागावी तशी हळू आवाजात म्हणाली, "पुढचा चेक कवा भरणार? मी येऊन बसते तुमच्याकडं. कोपऱ्यात. काय बोलणार नाय."

ह्यांनी मान खाली घातली. मलाच सांगावं लागलं.

"फाडले गो, सगुणा. सगळे फाडले."

"बरं," ती म्हणाली, आणि ब्रश भिजवायला उठली.

त्यानंतर तो आमच्याकडे कधी आला नाही. आता कुठे बसत असेल, की आपलं काम झालं म्हणून मोकळा झाला, मला माहीत नाही. सगुणाने तो हंगाम काढला, पुढचेही काढले. कारखाना अजून आहे. मूर्ती सुरेख असतात, असं लोक सांगतात.

मी बघितलेल्या नाहीत. पेणमध्ये राहून गणपती रोह्याहून आणणारं घर आमचं एकट्याचंच असेल. लोक हसतात, कारण विचारतात. मी सांगते, माझं माहेर तिकडचं, म्हणून.