सहाव्या राशीजवळचा तंबू

“तंबूची पाठ वाऱ्याला आणि तोंड उगवतीला. ओढ्याला चिकटून झोपायचं नाही, पाऊस झाला तर तो तुमच्या अंथरुणात येतो.”

आजोबांचं हे सांगणं एफीच्या कानात अजून जसंच्या तसं होतं. ते जाऊन तीन महिने झाले होते. दर जानेवारीत ते ग्रेनसाय बेटाचा डोंगर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर चालत जायचे आणि वाटेत एक रात्र तंबूत काढायचे. यंदा ती वाट एफी चालणार होती. तिची दहा वर्षांची बहीण ऊना आणि चुलतभाऊ टॉर्किल बरोबर येणार होते. नाताळची सुट्टी संपायला पाच दिवस उरले होते.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला होता.

“माणशी चार जोड मोजे,” एफी म्हणाली.

“चार? पाय दोनच आहेत,” टॉर्किल म्हणाला.

“दलदलीत घातलेस की कळेल. आणि गॅसचा डबा रात्री झोपायच्या पिशवीत घ्यायचा. गारठला तर सकाळी पेटत नाही.”

“डबा पिशवीत, उद्याचे मोजे पिशवीत, पाण्याची बाटली पिशवीत. मी कुठे झोपू?”

“तू बाहेर. घोरतोस,” ऊना म्हणाली.

शेगडीपाशी बसून बुटांना चरबी चोळणारे रूरीकाका हसले. ते टॉर्किलचे वडील आणि इथल्या रानाचे शिकारी. हिवाळ्यात हरणं फार होऊ नयेत म्हणून माद्या मारायचं काम त्यांचं. ते बरोबर येतील, या एकाच अटीवर एफीच्या आईने परवानगी दिली होती.

“उजेड नऊला येतो आणि चारच्या आत जातो,” काका म्हणाले. “तीन वाजता तंबू उभा नसेल, तर कान धरून परत आणीन.”

नकाशावर आजोबांनी पेन्सिलीने अकरा ठिपके काढले होते आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरात एक नाव. बेटाच्या पूर्वेला नुसता खडक, कबर खणायला माती नाही. म्हणून गाडीरस्ता होईपर्यंत माणूस गेलं की त्याला खांद्यावरून डोंगरापलीकडे न्यायचे. खांदेकरी जिथे दम खायला थांबत, तिथे शवपेटी टेकवून गेलेल्याच्या नावाने प्रत्येकजण एकेक दगड ठेवी. त्याच या अकरा राशी. धुक्यात वाट चुकली तर त्याच वाट दाखवायच्या.

“पण फाटकावर नवी पाटी लागलीय,” टॉर्किल म्हणाला. “शिकार सुरू आहे, सातही दिवस प्रवेश बंद. थॅकवेलसाहेबांची सही आहे.”

थॅकवेल हे जमीनदाराचे नवे व्यवस्थापक. सप्टेंबरात आले आणि आल्यापासून कुलपंच लावत होते.

“बंद म्हणजे काय?” एफी म्हणाली. “या देशात रानाची नासधूस न करता कुणीही चालावं, एखादी रात्र झोपावं, असा कायदा आहे. आजोबांनी कधी विचारलं होतं का कुणाला?”

काका एकदम बूट घासायला लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार. ग्रेनसायवर रविवारी कुणी दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाही. सगळं गाव प्रार्थनामंदिरात होतं. एक म्हातारे गृहस्थ स्तोत्राची ओळ उचलत आणि सगळे मिळून ती हळूहळू, लाटेसारखी पुढे नेत. एफीला ते फार आवडायचं. डोळे मिटून गाताना तिला आजोबा शेजारी बसल्यासारखे वाटायचे.

इतक्यात ऊनाने तिला कोपर मारलं आणि खिडकीकडे मान केली. डोंगराच्या खांद्यावर लाल निशाण फडफडत होतं. बंदुका चालू असल्या की लावतात ते.

“आज?” ऊना कुजबुजली.

एफीने ओठांवर बोट ठेवलं, पण तिचंही गाण्यातलं लक्ष उडालं. ग्रेनसायवर रविवारी बंदुकीला कुणी हात लावत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं, त्यानेच ते निशाण लावलं होतं.

घरी येताना टॉर्किल म्हणाला, “चल, आत्ताच बघून येऊ.”

“आज नाही. तो देवाचा दिवस मोडतो म्हणून आपण मोडायचा का? उद्या उजाडताच.” मग ती काकांकडे वळली. “काका, तुम्ही शेवटची शिकार कधी केलीत?”

“नाताळच्या आधी. पंधरवडा झाला, साहेबांनी बोलावलंच नाही.”

“मग गोळ्या कोण झाडतंय?”

“हे बघ पोरी, माझी नोकरी त्यांच्या हातात आहे. मी काही बोलणार नाही.” चार पावलं चालून ते पुढे म्हणाले, “पण पुतण्यांबरोबर तंबूत झोपायला साहेबांची चिठ्ठी लागत नाही.”

सोमवारी नऊ वाजता ते फाटकापाशी होते. साखळीला नवंकोरं कुलूप होतं. एफीने पाटी नीट वाचली, पाठीवरचं ओझं सावरलं आणि फाटकावर चढून पलीकडे उतरली. बाकीचे तिच्या मागोमाग.

गारांच्या दोन सरी येऊन गेल्या. दलदलीवर बर्फाची पातळ साय धरली होती. टॉर्किलचा पाय तिच्यातून गुडघ्यापर्यंत आत गेला, आणि मोज्यांबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही. पहिल्या चार राशी भेटल्या. गेली कित्येक वर्षं आजोबांशिवाय इकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. राशींवर शेवाळ आणि झुडपं माजली होती. तरी एफी प्रत्येकीपाशी थांबून नकाशातलं नाव वाचायची.

पाचवी सापडेना.

“इथेच असायला हवी,” एफी म्हणाली. पण समोर दरीतून एक नवा रुंद रस्ता वर आला होता. दोन्ही बाजूंना उकरलेली काळी माती, मध्ये ठेचून पसरलेली खडी. रस्त्याच्या टोकाला पिवळं खोदणारं यंत्र बंद उभं होतं. तिथून पुढे लाल खुंट्यांची रांग थेट सहाव्या राशीवर जात होती.

ऊनाने खडीतला एक तुकडा उचलला. त्याच्या एका अंगाला राशींवर होतं तसलंच शेवाळ अजून होतं.

“शिकार नाहीच,” टॉर्किल हळूच म्हणाला. “कुणी बघू नये म्हणून निशाण आहे. पलीकडे साहेबांना पाहुण्यांचे बंगले बांधायचेत असं गावात बोलतात ना, त्याचा रस्ता. याला परवानगी असती तर लपवला कशाला असता?”

त्याने फोनवर खुंट्यांचे, खडीचे, पाचव्या राशीच्या रिकाम्या जागेचे फोटो काढले. डोंगरावर रेंज नव्हती.

“खाली जाऊन सांगू या,” काका म्हणाले.

“आपण खाली पोचेपर्यंत अंधार होईल. उद्या उजाडताच यंत्र सुरू होईल, आणि माणसं वर येईपर्यंत सहावीही गेलेली असेल.” एफीने पाठीवरचं ओझं खाली टाकलं. “पावणेतीन वाजलेत. तंबू इथेच लावायचा, खुंट्यांच्या मधोमध.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुंट्यांकडे. “जमीन गोठलीय. दगडाने ठोका,” म्हणाले, “पण राशीतला घेऊ नका.”

सकाळी इंजिनाच्या आवाजाने टॉर्किल धडपडून उठला. यंत्र दहा हातांवर येऊन थांबलं होतं. आत किनाऱ्याकडच्या शेवटच्या घरात राहणाऱ्या पेगीआजींचा मुलगा अलास्टर बसला होता. लहानपणीच वडिलांबरोबर तो बेट सोडून गेला होता आणि गेल्या हिवाळ्यापासून कामासाठी परत आला होता.

“बाजूला व्हा रे पोरांनो, साहेब येताहेत.”

साहेब आलेच, चारचाकी मोटारसायकलवरून. “इथे शिकार चालू आहे, पाटी वाचता येत नाही? गोळी लागली असती म्हणजे?”

“कुणाची?” ऊनाने विचारलं. “शिकारी तर आमची लापशी ढवळतोय.”

तंबूमागून काकांनी डाव वर करून दाखवला. साहेबांचा चेहरा पडला.

“रूरी मॅकॉले, तुम्ही? ताबडतोब यांना हलवा.”

काकांनी डाव पातेल्यात ठेवला आणि सावकाश उठले. “माझी पुतणी कायद्याने झोपलीय, साहेब. तुमचा रस्ता कशाने आलाय?”

“एका दगडांच्या ढिगासाठी एवढं?” साहेब गरजले. “अलास्टर, तंबूच्या कडेने घे.”

यंत्राचा पंजा वर उचलला गेला. एफी जाऊन राशीला पाठ टेकून उभी राहिली.

“अलास्टरकाका, हा ढीग नाही. इथे माणसं टेकवलीत. ही सहावी इव्हान मॅक्लीनची, होडीतून पडले होते ते.”

पंजा हवेतच थांबला. “मला तर जुन्या भिंतीचे दगड म्हणून सांगितलंय. मग पाचवी कुणाची होती?”

एफीने नजर खडीकडे वळवली.

“सांग की.”

“केट मॅकिनॉनची. या वाटेने नेलेलं शेवटचं माणूस. तुमची आजी, पेगीआजींची आई.”

अलास्टरने इंजिन बंद केलं. साहेब काहीतरी ओरडत होते, पण तो खाली उतरला आणि आपल्याच रस्त्याच्या खडीकडे बघत राहिला.

“हे आईला कोण सांगणार?” तो म्हणाला. “मला तोंड नाही.”

“मी सांगते,” एफी म्हणाली. “दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. शब्द देते. तुम्ही मागून या, पण या नक्की.”

त्याने मान हलवली आणि यंत्राची किल्ली काकांच्या हातात ठेवली.

दुपारपर्यंत टॉर्किलचे फोटो सरकारी कचेरीत पोचले होते. काम तिथल्या तिथे थांबवायचा हुकूम आला, आणि परवानगी घेतलीच नव्हती हेही उघड झालं. उद्याच्या बोटीने अधिकारी येणार होते. थॅकवेलसाहेबांनी स्वतःच्या हाताने फाटकाची साखळी काढली, तेव्हा बघायला अर्धं गाव जमलं होतं. मग सगळे गावच्या सभागृहात आले. चहाची मोठी किटली फिरू लागली.

“रविवारचं निशाण आम्हीही पाहिलं,” स्तोत्र सांगणारे म्हातारे गृहस्थ म्हणाले. “पाहून मान खाली घातली. पोरांनी मान वर ठेवली. यात आम्ही मोठ्यांनी लाजायला हवं.”

“उद्यापासून प्रत्येक घरातलं एक माणूस,” शाळेच्या बाई म्हणाल्या. “दगड वेचून पाचवी रास पुन्हा उभी करायची.”

टाळ्या झाल्या. कुणीतरी टॉर्किलला उचलून टेबलावर उभं केलं. ऊना शिकारी आणि लापशीची गोष्ट चौथ्यांदा सांगत होती, आणि प्रत्येक वेळी साहेब थोडे थोडे बुटके होत होते.

“अगं, पण पेगीला कळलं का कुणाकडून?” कोपऱ्यातल्या एका बाईंनी विचारलं. “ती हिवाळ्यात घराबाहेर पडत नाही.”

उत्तर द्यायला एफी तिथे नव्हती. दारामागच्या खुंटीवरून कोट काढून ती केव्हाच बाहेर पडली होती. उजेड उतरत होता. किनाऱ्याकडच्या शेवटच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. तिने टोपी कानांवर ओढली आणि त्या घराकडे चालायला लागली.