मिटलेली फळी

नदीपलीकडच्या वाळूवरून गावात परतायचं, तर काठावरच्या खांबाची बिजागरीची फळी उघडून आतली पांढरी बाजू दाखवायची. ती दिसली की नावाडी येतो. नावेत पाय ठेवण्याआधी मात्र फळी आठवणीनं मिटायची.

टॅमसिन पहिल्याच दिवशी विसरली.

"अहो बाई, तुमच्यापायी रिकामी खेप झाली माझी!" धक्क्यावर आइस्क्रीम खात बसलेल्या तिच्यापुढे नावाडी पेरन घामाघूम उभा होता. "फळी उघडी दिसली, म्हटलं कुणी ताटकळतंय. जाऊन बघतो तर एक सीगल!"

"मग त्यालाच आणायचं होतं," ती म्हणाली. "बिचाऱ्यानं एवढं बोलावलं..."

पेरन हसला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. टॅमसिनचं आइस्क्रीम मनगटावर ओघळलं, तरी तिला कळलं नाही.

मॉर्वेना आत्याच्या चहाच्या दुकानात ती उन्हाळ्यापुरती मदतीला आली होती. बुधवारी दुकानही बंद, नावही बंद. मग दोघं भटकायची. कधी कड्यावरच्या पायवाटेनं, कधी मेंढ्यांच्या कुरणातून, कधी दूरच्या खाडीवर. वाऱ्याला कापडाचा आडोसा करून वाळू कचकचणारी सँडविचेस खायची आणि वर म्हणायचं, वा, काय छान दिवस! पाऊस आला तर गाडीत बसून काचेतून समुद्र बघायचा. एका थर्मासचं एकच झाकण, आळीपाळीनं. त्याचा घोट संपायची वाट बघणं तिला फार आवडायचं.

सप्टेंबरात ब्लॅकबेरी तोडता तोडता तिनं विषय काढला.

"लीड्सच्या वाचनालयात नोकरी मिळालीय. जाऊ का रे?"

"तुला बरं वाटेल तसं कर."

"तुला काय वाटतं, ते विचारतेय मी."

"मी कोण मध्ये बोलणारा..." तो जाळीत हात घालत म्हणाला. "चहा गार होतोय बघ."

एवढा सभ्यपणा काय चुलीत घालायचाय! टॅमसिनला रडूच आलं. बोलावल्याशिवाय कुणाकडे जायचं नाही, विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर चहा!

मोसमाचा शेवटचा रविवार उजाडला. सकाळी पेरननंच तिला पलीकडे सोडलं. वाटेत दोघं हवेबद्दल बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची लीड्सची गाडी होती.

संध्याकाळी ती खांबाशी आली, पण फळीला हात लावला नाही. न बोलावता आला, तर राहायचं. नाही आला, तर बरेच जण जातात तसं लांबच्या पुलावरून वळसा घालून चालत जायचं आणि उद्या गाडी पकडायची. तिनं मनाशी ठरवून टाकलं.

पलीकडे, गावच्या धक्क्याला पेरननं नाव बांधली. फळीकडे बघितलं. वल्ही खांद्यावर टाकली आणि घराची वाट धरली.

झालं तर. टॅमसिननं बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. डोळ्यांत पाणी आल्यामुळे गाठच बसेना. एक नाडी कशीबशी बांधून होते न होते तोच पाण्यावर वल्ह्यांचा आवाज आला.

"फळी मिटलेली होती," ती उभी राहत म्हणाली.

"दिसली."

"मग आलास कशाला?"

"म्हटलं... वारा सुटलाय, तुझा स्वेटर—" तो थांबला. त्याचे हात रिकामे होते. "स्वेटर नाहीये माझ्याकडे. टॅमसिन, जाऊ नकोस. माझं प्रेम आहे तुझ्यावर. मध्ये बोलतोय, माफ कर."

"माफ नाही करणार," ती म्हणाली. "परत बोल."

तो परत बोलला. या वेळी माफी न मागता.

नावेकडे निघताना तिनं खांबाकडे वळून फळी उघडली.

"अगं, आता कशाला? मी आलोय ना!"

"तू न बोलावता आलास. पण मी बोलवायला नको का?"

"बरं, आता मीट तरी. नाहीतर उद्या ती मिटायला मला इथवर यावं लागेल."

"येऊ की," टॅमसिन नावेत चढत म्हणाली. "दोघं मिळून."