चाळीस टक्क्यांचं हाड

भारहर चालपट्ट्यावर निळू कमरेपर्यंत हवेच्या पिशवीत उभा होता. पिशवी फुगली की ती त्याला वर उचलून धरी आणि पायांवर वजनाचा ठरवलेला हिस्साच येई. वनरक्षक निळकंठ धांडे मेळघाटात टेहळणी मनोऱ्यावरून पडला होता. दोन्ही नडग्यांचा चुरा. नोकरी मात्र रोज बारा किलोमीटर पायी गस्तीची. ती परत करायची एवढाच त्याचा ध्यास.

"नडग्यांत अस्थिरस भरलाय," डॉ. वानखडे कुमुदला म्हणाले. ती निळूची थोरली बहीण आणि डॉक्टरांच्याच प्रयोगशाळेतली फिजिओथेरपिस्ट. "चाळीस दिवस तो ओला राहतो. तेवढ्या दिवसांत पाय जितका भार पेलतील, तितक्यापुरतंच हाड घट्ट होतं. मग कायमचं. दर चार दिवसांनी पायांवरचं वजन दहा टक्क्यांनी वाढवायचं."

"आणि तो कळवळला तर?"

"कळवळेलच. थांबायचं नाही. एका हाडाला हा रस दुसऱ्यांदा चालत नाही."

चाळीस टक्क्यांपर्यंत सगळं सुरळीत झालं. पन्नासला निळू ओरडला, "ताई, कमी कर गं!"

आई गेल्यावर कुमुदनेच त्याला वाढवलं होतं. तिने पिशवीतली हवा वाढवली आणि तक्त्यावर पन्नास लिहिले. उद्या भरून काढू म्हणून. तक्त्यावर पुढे साठ झाले, सत्तर झाले, शंभर झाले. पट्टा चाळीसवरच फिरत राहिला. तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. चांगली शिकलेली बाई. पण भावाचा चेहरा पाहिला की शिक्षण गुंडाळून ठेवायची.

एक्केचाळिसाव्या दिवशी निळू पट्ट्यावरून उतरला. तिसऱ्या पावलाला नडगीला तडा गेला.

तिने सगळं कबूल केलं. डॉक्टर चिडले नाहीत, याचंच तिला जास्त लागलं.

"तडा भरेल," ते म्हणाले, "पण हाड चाळीस टक्क्यांचंच राहणार. त्याहून जास्त वजन त्याने आता कधीच पेलायचं नाही."

चोवीस दिवसांच्या कळा वाचवण्यासाठी आपण त्याची जन्माची चाल घालवली, हे कुमुदला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

चार महिन्यांनी तिने त्याला चाकाच्या खुर्चीतून नदीच्या डोहावर नेलं. छातीभर पाण्यात पायांवर चाळीस टक्क्यांहून कमी वजन येतं. दोन वनमजुरांनी त्याला उचलून पाण्यात उतरवलं. त्याने त्यांचे हात सोडले आणि चालू लागला, सरळ, कुणाच्याही आधाराशिवाय.

"ताई, चालतोय बघ!"

पलीकडच्या काठापासून त्याच्याच गस्तीचं जंगल सुरू होत होतं. तो तिकडे निघाला. पाणी छातीवरून कमरेकडे उतरू लागलं, पायांवर वजन वाढू लागलं, तसा थांबला, झाडांकडे पाहिलं आणि मागे वळला.