अंगावरचं लोखंड

वेधशाळेच्या दारात एक टोपली असे. किल्ल्या, पट्टा, मोबाईल, लोखंडाचं जे काही असेल ते तिच्यात टाकायचं, मगच चुंबकमापकाच्या खोलीत पाऊल ठेवायचं. हेमांगी नाखवांनी बावीस वर्षं हा नियम पाळला, चुकल्या त्या एकदाच. ऐन गौरीजेवणाच्या दिवशी मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन काढायची राहिली, आलेखावरची रेघ उडाली, सौरवादळ आलं समजून बाईंनी ‘कवच’ लावलं आणि आख्खा जिल्हा सहा तास विजेविना बसला. तेव्हापासून त्या ‘पिनवाल्या बाई’ झाल्या. बाईही वरवर हसत, पण मनातून त्यांना ते फार लागलं होतं.

कवच म्हणजे एक बटण. सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की ते हलतं, आणि लांबलचक वीजतारांत नको तो प्रवाह शिरून ट्रान्सफॉर्मर जळतात. कवच ट्रान्सफॉर्मरांना आधीच तारांपासून तोडतं. आज इशारा देणारे उपग्रह सकाळपासून मुके होते. आणि बाईंची लेक केतकी वीज उपकेंद्रात, त्या ट्रान्सफॉर्मरांशेजारीच कामावर होती.

सव्वाअकराला रेघ उडाली.

“बाई, आधी पिन बघा,” सहकारी वाघधरे म्हणाले.

बाईंनी गळा, बांगड्या, पदर, सगळं चाचपलं. काही सापडलं नाही. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. “चला, दोघंही बाहेर जाऊ. लोखंड आपल्या अंगावर असेल, तर आपण निघताच रेघ खाली येईल.”

बाहेरच्या खोलीत हाच आलेख दाखवणाऱ्या पडद्यापाशी दोघं उभी राहिली. रेघ वरच थरथरत राहिली.

पुन्हा चुकलं, तर कवचावर कुणाचाच भरवसा उरणार नव्हता. आणि नाही दाबलं तर केतकी... बाईंनी बटण दाबलं. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला.

वीस मिनिटांनी वायरलेसवर केतकी बोलली. “आई, ट्रान्सफॉर्मर भलताच घुमायला लागला होता गं. तेल उकळायच्या बेताला आलेलं. तेवढ्यात तू तोडलंस. आम्ही सगळे ठीक आहोत.”

बाई पायरीवर बसल्या आणि पोटभर रडल्या. केवढं मोठं ओझं उतरलं होतं.

वाघधरेंनी पाणी आणून दिलं. “पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होणार. मग हे बटण यंत्रच दाबेल म्हणतात.”

“दाबू दे की. रेघ त्याला माझ्याआधी दिसेल,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “पण वाघधरे, चूक आपलीच असेल, अशी शंका त्याला कधी येईल का?”