झेंडूखाली गेलेली आई

ज्ञानाच्या अथांग ओढीने मानवजातीने सीमोल्लंघन केलं आणि मंगळ गाठला. पोचल्यावर लक्षात आलं, की इथे झेंडू येत नाही.

मग दसरा कसा करायचा? केतकीने आपल्यापुरता मार्ग काढला. आजोबांचा लहानपणीचा फोटो उघडला, सॉफ्टवेअरमधली झेंडूची चौकट त्यावर बसवली, सेव्ह केलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर लावून टाकला.

दामोदर आजोबा प्रकाशशास्त्रज्ञ. त्यांनी फोटोच्या कडेवर बोट ठेवलं.

"केतू, इथे कडेला माझी आई होती."

"कुठे?"

"दारात. चहा घेऊन आली, फोटो निघतोय म्हटल्यावर तिथेच थांबली. फोटोत अर्धीच आली होती. तिचा तेवढाच एक फोटो."

"मग फुलांच्या मागे असेल. चौकट काढते ना."

चौकट निघेना. दुसरी प्रत कुठेच नव्हती. पृथ्वी सोडताना प्रत्येक घराला फोटो साठवायला एकेका प्रतीपुरतीच जागा मिळाली होती.

"असं कसं? दाराला तोरण बांधलं तर मागची भिंत जाते का, आजोबा?"

"नाही जात. पण फोटो भिंत नाही. तो पिक्सेलांचा (बारीक रंगीत ठिपक्यांचा) बनतो. एका ठिपक्यात एकच रंग मावतो. तू फुलं ठेवलीस तेव्हा ती वेगळ्या थरावर (फोटोवर अंथरलेल्या पारदर्शक पापुद्र्यावर) होती. तोवर आई खाली होती. सेव्ह करताना दोन्ही थर एक झाले. तिच्या पदराचा रंग पुसून तिथे झेंडूचा लिहिला गेला. आता मागे काही नाही."

"मी भरून देतो," घरातला यंत्रमानव मुकुंदा म्हणाला. क्षणात फुलं गेली आणि दारात एक बाई उभी राहिली. हातात ट्रे, ओठांवर हसू.

"छान आहे," आजोबा म्हणाले. "कोण ही?"

"सरासरी आई. शेजारचे ठिपके आणि लाखो आयांचे फोटो पाहून केलेला अंदाज."

"माझी आई फोटोत हसायची नाही. पुढचा दात पडला होता."

"पाडू का?"

"राहू दे रे."

केतकीने मान खाली घातली. "म्हणजे अंदाजाने नवं काढता येतं. गेलेलं नाही येत."

"बरोबर," आजोबा म्हणाले. ती चुकावी, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं असावं.

तिने ती अनोळखी बाई पुसली. मग मुकुंदाला बरोबर घेऊन वस्तीतलं सॉफ्टवेअर बदललं: मूळ फोटोला कुलूप, सजावट कायम वेगळ्या थरावर. यापुढे मंगळावर कडेला उभी राहणारी कोणतीही आई सुरक्षित होती.

चौकटीतला फोटो केतकीने सकाळीच पृथ्वीवर पाठवला होता. संध्याकाळी आजोबांच्या सख्ख्या बहिणीचं उत्तर आलं: "फोटो मस्त. झेंडू अगदी खरा वाटतो."